बाबांचं विमान उतरेना

"कृपया... थोडं बाजूला होता का?"

मागून आवाज आला आणि माझ्या हातातला सीपीयू पडता पडता राहिला.

तो आवाज मी ओळखत होते. चांगलाच ओळखत होते. सकाळपासून तो माझ्या कानात ठाण मांडून बसला होता — भारदस्त, मऊ, घाई कशाशी खातात हे माहीतच नसलेला. कॉम्प्युटर कंपनीच्या मदतीच्या नंबरावर मी फोन लावला होता आणि तो आवाज मला पुन्हा पुन्हा सांगत होता, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.' मी केली प्रतीक्षा. फोन कानाला लावून चहा प्याले, वेणी घातली, दोन ओढण्यांना इस्त्री केली. शेवटी त्या आवाजावरच खेकसले आणि फोन ठेवला.

आणि आता तोच आवाज कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पाठीशी उभा!

मी वळले. मनात मी एक रुंद खांद्यांचा, मिशीवाला, कोट घातलेला माणूस उभा केला होता. समोर होता एक उंच, किडकिडीत तरुण. शर्टाची कॉलर एका बाजूने वर, एका बाजूने खाली. केसांवर बाहेरच्या भुरभुर पावसाचे थेंब. आणि पोटाशी धरलेला सीपीयू, अगदी माझ्यासारखाच काळा.

"तुम्हीच ना ते?" मी म्हणाले. "कॉल महत्त्वाचा आहे म्हणणारे?"

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "हो... म्हणजे... मी फक्त वाचतो. फोन उचलणं माझ्याकडे... नसतं."

"आज सकाळी मी तुम्हाला बरंच काही बोलले."

"मला... ऐकू नाही आलं."

"बरं झालं."

"काय बोललात?"

"ते आत्ता नको. ओळख वाढली की सांगेन."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अनोळखी माणसांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघायची सवय आहे मला, त्यामुळे भीड जरा कमीच. पण तरी!

तेवढ्यात दुकानदाराने मान वर केली. "बोला ताई. पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच."

"खेळता खेळता बंद, आणि आपोआप चालू?"

"आपोआप चालू."

त्याने कपाळाला हात लावला. गेल्या काही आठवड्यांत त्याने आमच्या सीपीयूचं काय काय केलं होतं! धूळ झाडली, पंखा बदलला, रॅम काढून पुसून पुन्हा बसवली, पॉवर सप्लाय नवा टाकला. इथे दुकानात तो दुपारभर मोटारींच्या शर्यती खेळत बसे. सीपीयू हूं की चूं करत नसे. घरी नेला, की संध्याकाळी पुन्हा काळोख.

"कुठला खेळ?" मागून आवाजाने विचारलं.

"विमानाचा. बाबा खेळतात."

"आणि बंद... केव्हा पडतो?"

"उतरताना. दर वेळी उतरतानाच."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. माझ्या बाबांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे हात रिकामे झाले. जेवताना ताटलीच धरून वळवायचे. म्हणून मी त्यांना तो विमान उडवायचा खेळ आणून दिला, सोबत धरायला एक दांडा. त्या दिवसापासून घरात चैतन्य आलं. संध्याकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत. मागे खुर्ची टाकून आईने बसायचं. ती प्रवासी. "पट्टे बांधा!" बाबा ओरडत. "बांधले हो," आई म्हणे आणि विणकाम काढे. विमान सुरेख उडे, ढगांतून जाई, समुद्रावरून जाई... आणि धावपट्टी समोर दिसू लागली, की — फट्! पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह, मग ते मंजुळ संगीत, आणि सगळं पहिल्यापासून. इतक्या दिवसांत बाबांचं विमान एकदाही जमिनीला टेकलं नव्हतं. शेजारचे जिन्यात भेटले की विचारत, "काय काकू, उतरलात का?" आणि आई म्हणे, "कुठलं? मी आपली वरच."

त्या दिवशी आम्ही दोघांनी आपापले सीपीयू दुकानात ठेवले. त्याच्या सीपीयूचा पंखा गुरगुरायचा आणि ती गुरगुर रेकॉर्डिंगमध्ये येत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमचा घेऊन आले, बाबांनी तारा जोडल्या, बटण दाबलं.

पडद्यावर एक लठ्ठ मांजर मायक्रोफोनला मिठी मारून झोपलं होतं.

"हे कोण?" बाबा म्हणाले. आणि मी 'थांबा' म्हणायच्या आत त्यांनी तिथलं काहीतरी दाबलंच.

"कृपया दारापासून दूर उभे राहा," त्या भारदस्त आवाजाने खोली भरून गेली.

दारात उभी असलेली आई पटकन बाजूला झाली.

पुढची दहा मिनिटं बाबांनी मजा केली. 'दुसरा मजला.' 'आपले कार्ड काढून घ्या.' 'क्षमस्व, हा पर्याय उपलब्ध नाही.' मी ओरडून बंद करायला लावलं, तेवढ्यात माझा फोन वाजला. दुकानदाराने नंबर दिला असणार.

"हॅलो... मी... म्हणजे काल आपण... तुमचा कॉम्प्युटर माझ्याकडे... आणि बहुतेक माझा..."

कागदावरचं वाचताना हा माणूस नदीसारखा वाहतो आणि स्वतःचं काही बोलायचं तर प्रत्येक शब्दाला ठेच लागते, हे मला तेव्हा कळलं. आणि मला त्याची अशी काही गंमत वाटली, की मी गळा साफ करून म्हणाले, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

पलीकडून मग हळूच, "...किती वेळ?"

"उद्या संध्याकाळपर्यंत. घरी या. पत्ता सांगते."

तो आला. आमचा सीपीयू दोन्ही हातांत बाळासारखा धरून तीन मजले चढून आला. आईने पाणी दिलं, त्याचे पडलेले खांदे पाहिले, आणि बिस्किटांचा अख्खा डबाच समोर ठेवला.

"काका, तुमचा कॉम्प्युटर... चांगला आहे," तो म्हणाला. "माझा समजून मी चालू केला. मग तुमचं विमान दिसलं. म्हटलं बघू तरी... मी सहा वेळा उडवलं. एकदाही बंद नाही पडला."

बाबांनी दांड्यावरचा हात काढला. "सहा वेळा उडवलंत. आणि?"

"आणि... उतरवलं."

खोलीत सुई पडली असती तर ऐकू आली असती. आईच्या सुया तर थांबल्याच होत्या.

"उतरवलं," बाबा म्हणाले. "माझं विमान."

बिचाऱ्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण बाण सुटला होता. बाबांनी सीपीयू जोडला. विमान उडालं. आम्ही तिघं श्वास रोखून मागे उभे. धावपट्टी दिसली, मोठी झाली, आणखी मोठी... फट्!

"माझ्यावर खेळून बघा," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे... माझ्या कॉम्प्युटरवर."

त्याच्या सीपीयूवर खेळ चढवला. ढग, समुद्र, धावपट्टी... फट्! मांजर पुन्हा जागेवर.

"म्हणजे दोष कॉम्प्युटरात नाहीच," मी म्हणाले. "दोष घरात आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! इतके दिवस आपण उगाच त्याची चिरफाड केली."

इथून पुढे आमच्या घराची जी तपासणी सुरू झाली! तो रोज संध्याकाळी काम संपवून यायचा. आई त्याला 'आवाजवाला' म्हणायची, बाबा 'आवाजराव'. पहिल्या दिवशी संशय मिक्सरवर. मिक्सरची पिन काढून ठेवली. फट्! मग फ्रिज. मग इस्त्री, पाण्याचा पंप. एका संध्याकाळी तर घरातले दिवे, पंखे सगळे बंद करून आम्ही घामाघूम बसलो होतो आणि फक्त विमान चालू होतं. तरी फट्! इलेक्ट्रिशियन आला, त्याने भिंतीतल्या वायरी तपासल्या, 'एक नंबर वायरिंग' म्हणाला, दोन कप चहा प्याला आणि गेला. मग आवाजरावांनी स्वतःच्या घरचा यूपीएस उचलून आणला. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू राहतो म्हणे त्याच्यावर. आमच्याकडे वीज गेली नाही, कॉम्प्युटर मात्र गेला. यूपीएसनेही हात टेकले.

"काका, एकदा मी खेळून पाहू का? तुमच्या खुर्चीत बसून?" त्याने भीत भीत विचारलं.

"आवाजराव," बाबा म्हणाले, "ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरच बसतो."

विषय संपला.

आणि या सगळ्यात माझं काय झालं? खरं सांगू? मी बिघडले. दुकानात संध्याकाळ झाली की माझं लक्ष घड्याळाकडे. एका गृहस्थांच्या उजव्या डोळ्याचा नंबर मी डाव्यात लिहिला. घरी आले की आधी जिन्यातल्या चपला बघायच्या. त्याचे बूट दिसले की उगाच केस सारखे करायचे. तो स्क्रू फिरवायचा, मी टॉर्च धरायचे. टॉर्चचा उजेड स्क्रूवरून त्याच्या बोटांवर जायचा, बोटांवरून मनगटावर...

"जरा... स्क्रूवर," तो म्हणायचा.

"स्क्रूवरच आहे."

"हो, पण... माझ्या कानात जातोय उजेड."

निघताना मी त्याला खालपर्यंत सोडायला जायचे. पहिले दोन मजले तो गप्प. तळमजल्यावर आल्यावर कुठे एक वाक्य तयार व्हायचं त्याचं. "उद्या... फ्यूज बघू." एवढंच. पण ते 'उद्या' मला रात्रभर पुरायचं.

दोष सापडू नये असं मला वाटायला लागलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

आणि तेव्हाच बाबांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली.

"बस झालं," ते म्हणाले. "दुकानात चालतो. त्या मुलाच्या घरी चालतो. गाडी तीच, रस्ता तोच. दुसऱ्याच्या हातून उतरतं, माझ्या हातून नाही. म्हणजे दोष ड्रायव्हरचा. हात गेला माझा."

"अहो, खेळ आहे तो," आई म्हणाली.

"हो. खेळच आहे."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून परत येताना ते मला कोपऱ्यावरच्या बस थांब्यावर दिसले. बाकावर बसले होते. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. ते नुसते ड्रायव्हरच्या खिडकीकडे बघत होते. इस्त्रीचा शर्ट नव्हता, दाढी वाढली होती. दोष सापडू नये म्हणून देव पाण्यात घालणारी मी — माझी मलाच लाज वाटली.

मी तिथूनच त्याला फोन केला. "आज या. कसंही करून याचा छडा लावायचा."

तो आला. बाबांसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता अडखळणार. अडखळलाच, पण थांबला नाही. "काका, एकदाच. शेवटचं. वायर... गरम होते का, ते बघायचंय. त्यासाठी कोणीतरी... उडवायला हवं. आणि मला... तुमच्यासारखं नाही येत."

बाबा उठले आणि दाढी करायला गेले.

बाबा खुर्चीत बसले, आई मागे बसली, आणि तो टेबलाखाली शिरला. "टॉर्च," तो म्हणाला. मीही शिरले.

टेबलाखालची जागा एका माणसापुरती होती. आम्ही दोघं होतो, शिवाय तारांचं जंगल, धूळ, यूपीएस आणि बाबांचे दोन पाय. त्याचे गुडघे त्याच्याच हनुवटीला टेकले होते. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. एका हाताने तो वायर चाचपत होता. मी टॉर्च धरला होता.

"पट्टे बांधा!" वरून आरोळी आली.

"बांधले हो."

विमान उडालं. खाली आम्हाला नुसती घरघर ऐकू येत होती.

"एक... विचारू?" तो कुजबुजला.

"विचारा."

"त्या दिवशी सकाळी... फोनवर... काय बोललात मला?"

"आत्ता? इथे?"

"ओळख... वाढली ना?"

आमच्या नाकांमध्ये वीतभर अंतर होतं. वाढलीच म्हणायची. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "महत्त्वाचा आहे ना, मग उचल की फोन, मेल्या!"

तो हसला. आवाज न करता हसायला गेला, पण तो आवाज थोडाच दबणार? अख्खं टेबल थरथरलं.

"खाली काय चाललंय?" बाबा ओरडले. "विमान हलतंय माझं!"

"वायर बघतोय काका!"

"हळू बघा!"

मी तोंडावर हात दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं. तोही डोळे पुसत होता, आणि पुसता पुसता थांबला. माझ्याकडे बघायला लागला. हसू ओठांवरून गेलं नव्हतं, पण डोळे वेगळेच झाले होते. मी इतके डोळे पाहते रोज... असे नव्हते पाहिले.

"मला... तुम्हाला एक..." तो म्हणाला.

"धावपट्टी!" बाबा गरजले.

आणि बाबांचा उजवा पाय उचलला गेला. आमच्या डोळ्यांदेखत. सपातीसकट वर आला, पुढे सरकला, आणि सगळ्या ताकदीनिशी खाली — थप्प! — थेट जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या टोकावर. बोर्ड हादरला, सैल पिनमधून एक बारीकशी ठिणगी चमकली, फट्!

"गेलं," वर बाबा म्हणाले.

खाली आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

ब्रेक! विमान जमिनीकडे यायला लागलं की बाबा ब्रेक दाबत होते. टेबलाखाली ब्रेक नव्हता, बोर्ड होता. यूपीएस भिंतीला, बोर्ड यूपीएसला आणि कॉम्प्युटर बोर्डाला जोडलेला, म्हणून यूपीएसही काही करू शकला नव्हता. त्याच्या सैल पिनला धक्का बसला की क्षणभर वीज तुटायची आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळं घर पालथं घातलं आम्ही, पण सगळे जण बघत होतो पडद्याकडे. पायाकडे कोण बघणार?

"सांगायचं?" तो अगदी हळू म्हणाला.

मला बस थांब्यावरचा बाक आठवला. "त्याच पायाने त्यांनी आयुष्यभर माणसं सुखरूप नेली. एक अपघात नाही. आता त्या पायाचाच दोष म्हणून कसं सांगायचं?"

तो रांगत बाहेर पडला, उभा राहिला, टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं, ते चोळत म्हणाला, "काका, बोर्ड जुना झालाय. आतून... सैल आहे. नवा घेऊ. झालं."

खोटं नव्हतं ते. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"सैल आहे तर कधीही बंद पडेल. उतरतानाच का?"

तो माझ्याकडे बघतोय, आढ्याकडे बघतोय. हातात कागद नव्हता. "कारण... उतरताना... म्हणजे तेव्हा..."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश मान खाली घालून स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. पाय अजून बोर्डावरच होता, घट्ट दाबलेला.



"अरेच्चा," बाबा म्हणाले. "ब्रेक!"

आणि ते असे हसले, असे हसले, की खुर्चीची चाकं मागे सरकून आईच्या लोकरीत अडकली. "म्हणजे हात नाही गेला माझा! हात शाबूत आहे! हा पाय... हा पाय ड्यूटीवर आहे अजून!"

"त्यात काय नवल," आई लोकर सोडवत म्हणाली. "अंथरुणातसुद्धा ब्रेक लागतात यांचे. माझ्या पोटऱ्यांना विचारा."

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"पायाचं मला ठाऊक होतं. खाली बोर्ड आहे हे कुठे ठाऊक होतं? मी प्रवासी. मी खिडकीबाहेर बघते."

दुसऱ्या दिवशी त्याने नवा बोर्ड आणून भिंतीवर उंच बसवला. आणि टेबलाखाली, बरोबर बाबांच्या पायाशी, एक जाड लाकडी ठोकळा ठोकून दिला. "दाबायला... काहीतरी हवं," तो म्हणाला. बाबांनी पाय ठेवून पाहिला, थोडा डावीकडे घ्यायला लावला, मग मान डोलावली.

त्या संध्याकाळी विमान उतरलं. चाकं टेकली, थोडं उडालं, पुन्हा टेकलं, आणि धावत धावत थांबलं. मग आई उठली, पिशवी खांद्याला लावली, बाबांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "चांगली आणलीत हो गाडी." आणि आत कुकर लावायला गेली. बाबा कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

तो त्याचा यूपीएस घेऊन निघाला. मी सोडायला गेले. दुसरा मजला, पहिला मजला, तळमजला. तो दाराशी थांबला, तोंड उघडलं. 'उद्या' म्हणायला आता काही उरलंच नव्हतं. "बरं... येतो," म्हणाला, आणि भुरभुर पावसात चालायला लागला. मी मूर्खासारखी हात हलवत उभी राहिले.

मग आठवडा गेला. बाबा रोज उतरत होते. मीच हवेत लटकले होते. फोन हातात घ्यायचे, काय बोलायचं म्हणून ठेवून द्यायचे. तुमचा यूपीएस कसा आहे? मांजर बरं आहे ना? छे!

एका संध्याकाळी आमचं चष्म्याचं दुकान बंद व्हायला आलं होतं. बाहेरच्या खुर्चीवर एक आजी नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. काचेचं दार ढकलून तो आत आला. केस नीट विंचरलेले आणि कॉलर नेहमीसारखी अर्धी वर. आजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि स्वतःहून म्हणाल्या, "जा बाबा, तू आधी जा. तुझी घाई मोठी दिसते."

"डोळे... तपासायचेत," तो मला म्हणाला.

मी त्याला आतल्या खुर्चीत बसवलं. दिवा मंद केला, समोरचा तक्ता लावला, नाकावर ती जड चौकट चढवली. त्यात तो घुबडासारखा दिसत होता. एवढं गोड घुबड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"वाचा."

त्याने वाचलं. सगळ्या ओळी. तेच मखमली, नदीसारखं वाहणारं वाचन. बाहेर काउंटरवर काम करणाऱ्या माझ्या दोघी मैत्रिणी कान देऊन गप्प झाल्या. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा त्याने अशी वाचली, जणू एखादी गुपित बातमी सांगतोय.

मी चौकटीत काच घातली. त्यासाठी जवळ जावंच लागतं, नाइलाज असतो. "आता बरं दिसतं, की मघाशी?"

"आता."

"मी साधी काच घातलीय. नंबर नाही तिला."

"मला... काचेचं नव्हतं म्हणायचं."

माझ्या हातातली दुसरी काच तशीच राहिली. मी मागे सरकून तक्त्याचा दिवा बंद केला. आता त्याच्यासमोर वाचायला काहीच नव्हतं.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "चष्मा कशाला हवाय?"

"चष्मा... नकोय."

"मग?"

त्याने चौकट काढून मांडीवर ठेवली. एकदा घसा साफ केला. दोनदा केला. "मी... लिहून आणलं होतं," तो म्हणाला. "काय बोलायचं ते. घरी मोठ्याने वाचूनही पाहिलं. छान वाटत होतं. पण मग वाटलं... लिहिलेलं सगळ्यांसाठी वाचतो मी. लिफ्टसाठी, बँकेसाठी. तुमच्यासाठी तसं नको. म्हणून तो कागद... फाडला. आणि आता... मला काहीच सुचत नाहीये."

"सुचेल. मला घाई नाही."

"संध्याकाळी... करमत नाही मला," तो म्हणाला. एकेक शब्द उचलून ठेवत. "सहा वाजले की पाय तुमच्या घराकडे वळतात. काल वळलेच. तीन मजले चढून गेलो, दाराशी उभा राहिलो आणि... परत आलो. बेल वाजवायला काही कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण ते... तुम्ही होतात. तुम्ही मला खूप... म्हणजे मला तुम्ही..."

मी त्याची ती वर आलेली कॉलर खाली केली. किती दिवसांपासून करायची होती. "तूसुद्धा मला," मी म्हणाले.

तो टक लावून बघत राहिला. "तू... 'तू' म्हणालात?"

"म्हणालात काय? 'म्हणालीस' म्हण."

"म्हणालीस," तो म्हणाला. आणि त्या एका शब्दाला तो कुठेही अडखळला नाही.

मी त्याचा हात हातात घेतला.

"अगं ए पोरी," बाहेरून आजींची हाक आली. मी दचकून वळले. दोन खोल्यांमधल्या काचेतून आजी आमच्याकडे बघून हसत होत्या, काउंटरवरच्या दोघी त्यांच्या मागे. "आधी माझं आटप, मग बसा सावकाश. मला जवळचं अक्षर वाचता येत नाही. लांबचं मात्र सगळं स्वच्छ दिसतं, हो!"

मी दिवा लावला. आजींचे डोळे तपासून होईपर्यंत तो बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिला, आणि त्यांचा नंबर मी तीनदा चुकले.